आठव्या महिन्याचं इंजेक्शन

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर वाडियांची दोन रुग्णालयं शेजारी शेजारी आहेत. नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ सालचं, बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ सालचं. जवळचं केईएमही १९२६ चंच. ही इस्पितळं उभी राहिली तेव्हा आजूबाजूला गिरण्यांची धुराडी होती, आणि गिरणगावात मूल जगणं ही गृहीत धरायची गोष्ट नव्हती. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत गेली, असं सरकारी आकडे सांगतात. जन्मांची नोंदणी अपुरी असल्याने हा आकडा फुगलेला आहे, असं तेव्हाही म्हटलं गेलं. तो निम्मा धरला तरी अंगावर काटा येतो. पुढच्याच वर्षी लेबर ऑफिसने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. एकाच खोलीत कोंबलेली कुटुंबं आणि तान्ह्याला अफूची गोळी चाटवून पाळीला जाणाऱ्या आया त्यांना तिथे भेटल्या.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीकामगार बायकांना बाळंतपणाचा भत्ता देण्याचं विधेयक चर्चेला आलं. परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिलेले डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली कायदा झाला. त्यातली एक व्यावहारिक अडचण पुढे येणाऱ्या गोष्टीशी थेट जोडलेली आहे. बाळंतपणाआधीची रजा द्यायची तर बाळंतपण कधी होणार हे आधी सांगावं लागतं. आणि दिवस कधी भरणार हे सांगणं अवघड होतं. शिमग्याच्या आधी पाळी आली होती, किंवा गणपतीत ओकाऱ्या सुरू झाल्या, अशा खुणांवर हिशेब चाले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, आणि तिथली सुईण पोटावर हात ठेवून सांगेल तो महिना. सातव्या महिन्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही, हे सगळ्यांना पाठ. शास्त्र याच्या नेमकं उलट आहे, बाळ जितके दिवस आत राहील तितकं बरं. पण ज्या बायकांना महिनाच नीट ठाऊक नव्हता त्यांच्या तोंडी ही म्हण इतकी पक्की का बसली, याचं उत्तर कदाचित त्यातच असावं. जगलेलं मूल सातमाशी ठरायचं आणि गेलेलं आठमाशी.

दिवस भरण्याआधी येणाऱ्या बाळाबाबत मुंबईने जगाला पहिली मोठी गोष्ट दिली ती भायखळ्याहून. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. काही बायकांचं पोट चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळा न येताच, पुन्हा पुन्हा रिकामं होई. त्यांच्या गर्भाशयाचं तोंडच सैल असतं हे शिरोडकरांनी हेरलं, आणि मांडीच्या स्नायूवरच्या चिवट पडद्याची पट्टी काढून त्या तोंडाभोवती आवळून बांधली. १९५५ साली ‘अँटिसेप्टिक’ या मद्रासच्या नियतकालिकात त्यांनी ही पद्धत छापली. दोन वर्षांनी मेलबर्नच्या इयन मॅकडोनल्डनी सोपा टाका सुचवला. आजही जगभरच्या प्रसूतिगृहांत ‘शिरोडकर स्टिच’ हे नाव चालतं. मराठी माणसाचं नाव इतक्या देशांतल्या शस्त्रक्रियागृहांत रोज घेतलं जात असेल, असं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.

शिरोडकरांचा उपाय बाळाला आत थोपवून धरण्याचा. पण ते थांबणारच नसेल तर?

तेव्हा ते बाहेर येई आणि श्वासासाठी झगडू लागे. छातीच्या फासळ्या आत ओढल्या जात, कण्हण्याचा आवाज येई, अंग निळं पडे. १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी याचं कारण दाखवून दिलं. फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांना आतून एक स्निग्ध लेप लागतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो तयारच झालेला नसतो. मग उच्छ्वासासरशी त्या पिशव्या ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारख्या आतून चिकटतात आणि प्रत्येक श्वासाला नव्याने उघडाव्या लागतात. दमून बाळ दोन-तीन दिवसांत जाई. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांत याच आजाराने गेला. अध्यक्षाच्या घरातही उपाय नव्हता.

उपाय सापडला तो मेंढीच्या गोठ्यात, तोही भलतंच काही शोधताना. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात ग्रॅहॅम लिगिन्स नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. कळा सुरू कशा होतात, हा त्यांचा प्रश्न. आईचं शरीर ठरवतं की बाळ? त्यांना वाटे, बाळ. म्हणून गाभण मेंढ्यांच्या पोटातल्या कोकराला ते स्टेरॉइड देऊन पाहत, आणि खरोखरच कळा सुरू होत. मेंढीचे दिवस साधारण १५० चे. लिगिन्सची काही कोकरं ११७-११८ व्या दिवशी जन्मली. इतक्या लवकर जन्मलेल्या कोकराने श्वास घ्यायलाच नको होता. एक घेत होतं. ते गेल्यावर शवविच्छेदनात त्याची फुप्फुसं अंशतः फुगलेली दिसली, त्या वयाला न शोभणारी. दुसरा कोणी असता तर कळांच्या प्रयोगातली ही फालतू नोंद म्हणून पुढे गेला असता. लिगिन्स तिथे थांबले. १९६९ साली त्यांनी मेंढ्यांवरचं काम छापलं आणि लगोलग बालरोगतज्ज्ञ रॉस होवी यांना सोबत घेऊन बायकांवर चाचणी सुरू केली.

१९७२ साली तिचा निष्कर्ष आला. २८२ आया, काहींना बीटामेथासोन या स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं चोवीस तासांच्या अंतराने, काहींना नकली औषध. श्वासाचा तो आजार औषध मिळालेल्यांत ९ टक्के बाळांना झाला, न मिळालेल्यांत सुमारे २६ टक्के. पहिल्या आठवड्यातले मृत्यू ३.२ विरुद्ध १५ टक्के. दोन सुयांच्या किमतीत इतकं देणारं औषध प्रसूतिशास्त्रात क्वचितच सापडेल.

त्या लेखातली एक अट त्या वेळी फार थोड्यांनी जपून वाचली. इंजेक्शननंतर निदान चोवीस तास उलटलेले हवेत आणि बाळ आठवड्याच्या आत जन्मायला हवं. त्यापलीकडे पोट तसंच राहिलं तर फायदा दिसत नव्हता. म्हणजे औषध जितकं फुप्फुसांचं, तितकंच तारखेचं. पुढच्या आठवड्यात कोण बाळंत होणार हे ओळखता आलं तरच त्याचा उपयोग.

योगायोग असा की दुसऱ्याच वर्षी, १९७३ साली, जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ पहिल्यांदा छापून आलं आणि हळूहळू दादर-लालबागच्या घराघरांत भिंतीवर लटकलं. पाळीच्या तारखेभोवती पेनाने गोल काढायची सवय त्याने अनेक बायकांना लावली असावी. एकादशी-संकष्टीच्या त्या चौकटींनी प्रसूतिगृहांच्या केसपेपरवर किती आठवडे अचूक बसवले असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

ऑकलंडचा निष्कर्ष छापून आल्यावरही जगाने तो उचलायला वीस वर्षं घेतली. कुठे स्टेरॉइडची भीती, कुठे छोट्या चाचण्यांचे धूसर आकडे. आयर्लंडच्या पॅट्रिशिया क्रॉली यांनी सगळ्या चाचण्या एकत्र मांडून दाखवल्या तेव्हा चित्र स्वच्छ झालं. कॉक्रेन या जगप्रसिद्ध संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात त्या यांतल्याच सात चाचण्यांच्या. पुरावा समोर असताना न वापरल्याने किती बाळं गेली, याची ती कायमची आठवण. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने औषध सर्रास वापरा असं सांगितलं आणि मग लंबक दुसरीकडे गेला. एका खेपेने फायदा होतो तर दर आठवड्याला एक खेप का नको, म्हणून अनेक ठिकाणी दर आठवड्याला सुया सुरू झाल्या. २००० पर्यंत तीच संस्था संशोधनाच्या चाचणीबाहेर असं करू नका म्हणून सांगत होती.

आपल्याकडे लिगिन्सचं बीटामेथासोन, म्हणजे लवकर आणि सावकाश विरघळणाऱ्या दोन क्षारांचं मिश्रण, सहज मिळत नसे. वरळीच्या ग्लॅक्सोचं बेटनेसॉल होतं, पण तो नुसता फॉस्फेट क्षार. म्हणून वॉर्डात स्थिरावलं ते स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं डेक्सामेथासोन: सहा मिलिग्रॅम, बारा तासांनी एक, असे चार डोस. परळच्या किंवा शीवच्या लेबर रूममध्ये याला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही. ‘डेक्सा कव्हर झालंय का?’ एवढंच विचारतात. नातेवाइकांना सांगताना ‘बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन’.

पण मुंबईच्या सार्वजनिक वॉर्डात नुसती फुप्फुसं पिकवून भागत नव्हतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यासमोर मुख्य शत्रू होता जंतुसंसर्ग. आयांना नवजात विभागात आणणं, बाटलीचं दूध बंद करून आईचंच दूध देणं, आणि १९८९ साली तिथे उभी राहिलेली मानवी दुधाची पेढी, आशियातली पहिली, हे सगळं त्या लढाईतलं. स्टेरॉइडच्या गोष्टीत हा तपशील आवश्यक आहे. स्टेरॉइड जंतूंशी लढण्याची ताकद कमी करतं. पाणी फुटून दोन दिवस झालेल्या, ताप असलेल्या बाईला ते देताना ऑकलंडचा डॉक्टर आणि शीवचा डॉक्टर एकाच जागी उभे नसतात.

हे मोठ्या प्रमाणावर उघडं पडलं ते मराठी मुलखाच्या दोन टोकांना, नागपूर आणि बेळगावात.

२०११ ते २०१४ या काळात सहा देशांत एक प्रचंड चाचणी झाली: अर्जेंटिना, ग्वाटेमाला, झाम्बिया, केनिया, पाकिस्तान आणि भारत. भारतातली दोन केंद्रं म्हणजे डॉ. अर्चना पटेल यांच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनचं नागपूर आणि केएलईच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचं बेळगाव. कल्पना उदात्त होती. औषध मोठ्या इस्पितळात कशाला अडकवायचं? गावातल्या परिचारिकेच्या हाती द्या. अपुऱ्या दिवसांची बाळं तिथेच तर सगळ्यात जास्त मरतात. तारीख ठाऊक नसेल तर? त्यासाठी एक रंगीत मोजपट्टी. पोटाची उंची मोजायची, रंग पाहायचा, महिना ठरवायचा. सुईणीच्या हातांच्या जागी टेप आली.

सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब लागला तेव्हा संशोधक चक्रावले. ज्या गावांत औषध पोचवलं तिथे लहान बाळांचे मृत्यू कमी झालेच नव्हते, आणि एकूण नवजात मृत्यू वाढले होते: दर हजारी २३.९ च्या जागी २७.४. आयांमधल्या संसर्गाचा संशयही वाढलेला. इंजेक्शन घेतलेल्या सहा बायकांपैकी जेमतेम एकीचं बाळ खरोखर फार लहान निघालं. बाकीच्या पाचजणींपैकी बहुतेकींच्या बाळांना त्या औषधाची गरज कधीच नव्हती. आणि मृत्यूंची वाढ दिसली ती या धडधाकट वजनाच्या बाळांमध्ये. कारण आजही पक्कं झालेलं नाही. संसर्गाकडे बोट दाखवलं जातं. दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाने त्याच वर्षी, २०१४ साली, परिचारिकांनी अपुऱ्या दिवसांच्या कळा दिसताच डेक्साचा डोस द्यावा आणि मग बाईला पुढे पाठवावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. ऑक्टोबरमध्ये ‘लॅन्सेट’ने वरचे आकडे छापले.

मला या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच वाटतं. चाळीस वर्षं हिशेब मांडला गेला तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा, कारण औषध त्यांच्यासाठी होतं. कळा थांबल्या, बाई घरी गेली, नववा महिना भरून बाळंत झाली, म्हणजे गोष्ट गोड संपली असं सगळ्यांनी धरलं. तिच्या बाळाकडे औषध घेतलेलं बाळ म्हणून कोणी पाहिलंच नाही.

ही बाळं थोडी नाहीत. फिनलंडने २००६ ते २०१७ मधल्या साधारण पावणेसात लाख मुलांच्या नोंदी तपासल्या. आईच्या पोटात स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ४५ टक्के मुलं पूर्ण दिवसांची होती. २०२३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सुमारे १६ लाख बाळांचे अभ्यास एकत्र मांडले गेले, तिथेही प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास. जगातली उत्तम सोनोग्राफी हाताशी असताना जवळजवळ निम्मे अंदाज चुकतात.

आणि त्या बाळांचं काय होतं? आईच्या स्वतःच्या कॉर्टिसॉलपासून बाळाला वाचवायला वारेत एक विकर असतं; ते बरंचसं कॉर्टिसॉल निकामी करून टाकतं. बीटामेथासोन आणि डेक्सा त्याला दाद देत नाहीत, थेट पलीकडे जातात. म्हणून तर ती निवडली. दिवस भरत आले की बाळ स्वतःच कॉर्टिसॉल वाढवतं, फुप्फुसं आपोआप पिकतात. त्यात बाहेरून आणखी घातलं तर तत्काळ दिसणारा परिणाम साखरेचा. आईची साखर चढते, बाळ जास्त इन्शुलिन बनवतं, नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद होते आणि इन्शुलिन मात्र उरतं. अमेरिकेत ३४ ते ३६ आठवड्यांच्या गरोदर बायकांवर झालेल्या, २०१६ साली छापलेल्या चाचणीत श्वासाचा त्रास थोडा घटला, पण साखर उतरलेली बाळं १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेली. प्रसूतिगृहात ती तपासली, वेळेवर दूध पाजलं, तर निभावतं. कोणी तपासलीच नाही तर बाळ फक्त सुस्त दिसतं, आणि सुस्त बाळाला आजी ‘गुणी आहे’ म्हणते.

लांबचे परिणाम वादाचे आहेत. फिनलंडच्या अभ्यासात पूर्ण दिवसांच्या मुलांत मानसिक आणि वर्तनाच्या तक्रारींची निदानं औषध मिळालेल्यांत ८.९ टक्के, न मिळालेल्यांत ६.३ टक्के. औषध मिळालेल्या आयांचं बाळंतपण मुळातच अवघड होतं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून संशोधकांनी एकाच आईची दोन मुलं ताडून पाहिली, तरीही फरक उरला. आठवड्याआड सुया देणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या मुलांना पाच वर्षांनी तपासलं, तेव्हा पूर्ण दिवसांनी जन्मलेल्यांत मज्जासंस्थेच्या अडचणी जास्त निघाल्या. दुसऱ्या बाजूला, ऑकलंडच्या पहिल्या चाचणीतली बाळं तिशीत पोचली तेव्हा इन्शुलिनच्या थोड्या फरकापलीकडे त्यांच्यात घाबरावं असं काही दिसलं नाही. माझं मत विचाराल तर एका खेपेने भिण्यासारखं फार थोडं आहे. पण ‘दिलं तर काय बिघडलं’ हे वाक्य आता म्हणता येत नाही.

हेच वाक्य दादर-गिरगावच्या नर्सिंग होमांत एका वेगळ्या वाटेने शिरतं. सिझेरियनची तारीख आधी ठरते, कधी डॉक्टरांच्या सोयीने, कधी पंचांग पाहून. कळा न येता बाहेर काढलेल्या बाळाच्या फुप्फुसांत पाणी राहतं, कारण ते उपसायचं काम कळाच सुरू करतात. मग सदतिसाव्या आठवड्याच्या मुहूर्ताआधी दोन सुया. ब्रिटनमध्ये ९९८ बायकांवर हे करून पाहिलं होतं. श्वासासाठी नवजात विभागात जावं लागलेली बाळं ५.१ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आली. पण तीच मुलं शाळेत गेल्यावर शिक्षकांकडून मागवलेल्या माहितीत वर्गाच्या खालच्या चौथाईत औषधवाली १७.७ टक्के आणि बाकीची ८.५ टक्के निघाली. माहिती सगळ्या मुलांची मिळाली नव्हती, त्यामुळे यावर अंतिम शिक्का मारता येत नाही. मात्र त्याच चाचणीने दाखवलं की एकोणचाळिसाव्या आठवड्यापर्यंत थांबलं तर सुयांशिवायही धोका खूप कमी असतो. मुहूर्त पुढच्या आठवड्यातही सापडतात.

बेळगावचं नाव पुन्हा आलं २०२० साली. तिथल्या डॉक्टरांचा सहभाग असलेल्या, पाच देशांतल्या २९ इस्पितळांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत डेक्साने नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आणले, आणि संसर्ग वाढला नाही. औषध तेच, जिल्हाही तोच. फरक इतकाच की या वेळी सोनोग्राफीने दिवस मोजलेले होते, बाळंतपण दोन दिवसांत होणार असं डॉक्टरांना वाटत होतं, आणि बाळ सांभाळणारा विभाग त्याच इमारतीत होता. संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत याच धर्तीच्या अटी आहेत: ३४ आठवड्यांपर्यंतच, दिवसांचा हिशेब पक्का, आठवड्याच्या आत प्रसूतीची दाट शक्यता, आईला संसर्ग नाही, बाळाची काळजी घ्यायची सोय आहे.

परळमध्ये यातल्या शेवटच्या अटी पुऱ्या होतात. अडतं ते दिवसांच्या हिशेबाशी. कोकणातून किंवा उत्तर प्रदेशातून सातव्या-आठव्या महिन्यात मुंबईला आलेल्या बाईच्या पिशवीत बऱ्याचदा पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी नसते. उशिरा केलेल्या सोनोग्राफीत दिवसांचा हिशेब तीन आठवडे इकडे-तिकडे होऊ शकतो. कागदावर ३३ आठवडे लिहिलेलं बाळ खरोखर ३० चं असू शकतं आणि ३६ चंही. त्या पोटाला डेक्सा द्यायचं की नाही हे रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टरला पुढच्या कळेच्या आत ठरवावं लागतं.